चारची सावली

आमच्या ऑफिसात सूर्य लावायचं काम एका बाईंकडे होतं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. माझ्या आईला तर अजूनही वाटते. पण कर्जतला भाताच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा-सात जण बसायचो, आणि आमचा सूर्य सुनंदाताई लावायच्या. तो कुठल्या दिशेला असावा, किती वर चढलेला, किती पिवळा, हे त्या ठरवायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी गवत उपटलं होतं.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं भुताटकी वाटेल. तशी ती थोडी आहेच.

शहरात हल्ली गोल्फ खेळायला मैदान लागत नाही. बंद हॉलमध्ये भिंतीएवढा कापडी पडदा लावतात, त्यावर हिरवंगार मैदान दिसतं. खेळणारा खऱ्या काठीनं खरा चेंडू मारतो, चेंडू पडद्यावर आपटून खाली पडतो आणि चित्रातला चेंडू पुढे उडत जातो. ते चित्रातलं मैदान कुणीतरी घडवावं लागतं. एका मोठ्या मैदानात नंबर दिलेली अठरा छोटी मैदानं असतात, ती एकेक करून. जमिनीचे चढउतार, गवत, झाडं, तळी, वाळूचे खड्डे, आणि सगळ्यांत शेवटी उजेड. उजेड चुकला की बाकीची मेहनत पाण्यात. गवत प्लॅस्टिकच्या चटईसारखं दिसतं आणि तळं सांडलेल्या निळ्या रंगासारखं.

आमचं सगळं असंच दिसत होतं. म्हणून आमचा मालक निखिल कॅमेरा घेऊन खालापूरकडच्या एका खऱ्या मैदानावर गवताचे फोटो काढायला गेला. सकाळी सातला तो गवतात पोटावर पालथा पडलेला असताना मागून आवाज आला, "आता नको काढू रं भाऊ. दव हाय. दवात गवत खोटं दिसतं."

मागे एक बाई उकिडव्या बसून तण काढत होत्या. निखिलनं विचारलं, "मग कधी काढू?"

"चारला ये."

निखिल चारला परत गेला. त्याला त्या बाईंनी गवताचं सगळं रहस्य दाखवलं. कापायचं यंत्र एका पट्ट्यात जाताना फिरतं आणि दुसऱ्या पट्ट्यात येताना. गवत ज्या बाजूला निजतं त्यावर त्याचा रंग ठरतो, म्हणून ते पट्टे गडद-फिके दिसतात. आम्ही महिनाभर दोन वेगळे हिरवे रंग जुळवत बसलो होतो. वर्षभरानं त्यांचे गुडघे गेले, उकिडवं बसवेना, ठेकेदारानं बोलावणं थांबवलं. निखिल त्यांना आमच्याकडे घेऊन आला.

मी नाक मुरडलं. मुंबईत चार वर्षं हेच काम शिकून आलेली मी, आणि मला उजेड शिकवायला कोण, तर तण काढणाऱ्या ताई! पहिल्या दिवशी त्यांना खुर्ची दिली तर त्या तिच्या कडेवर बसल्या, एसटीत अर्धी सीट मिळाल्यासारख्या. मी मुद्दाम माझं सगळ्यांत देखणं चित्र त्यांच्यापुढे उघडलं. तळं, तळ्याकाठी तीन झाडं, पाण्यावर चमक. त्यांनी पदराचं टोक धरून स्क्रीन पुसली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोरी, तुज्याकडं सूर्व किती हायत?"

"एकच."

"नाय. दोन हायत. हे बघ, या झाडाला दोन सावल्या. एक इकडं, एक तिकडं."

दुसरी सावली अगदी पुसट होती. पाणी चमकावं म्हणून मी एका कोपऱ्यात एक जादा दिवा लपवला होता, त्याची. आमच्या क्षेत्रात हे सर्रास चालतं. कुणाच्या लक्षातही येत नाही.

"येवढं काय त्यात, ताई? छान दिसतं ना?"

"छान दिसतं गं. पन दोन सावल्या कुनाला असतात?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो दिवा काढून टाकला. त्या प्रश्नाचं उत्तर मी विचारलं नाही, त्यांनीही दिलं नाही.

पुढे तीन वर्षं आम्ही शेजारी बसलो. यंत्र त्यांनी कसं शिकून घेतलं ते सांगत बसत नाही. जे हवं तेवढंच शिकल्या. सूर्य फिरवायची पट्टी, आभाळाच्या उजेडाची पट्टी, धुक्याची पट्टी. झाड ठेवायचं कसं आणि काढायचं कसं. बाकी बटणांना त्या "तुमची" म्हणायच्या. ग्राहकाकडून निरोप यायचा की झाडांच्या सावल्या जरा कमी करा आणि ऊन मात्र संध्याकाळचं ठेवा. निखिल ते वाचून दाखवायचा आणि ताई म्हणायच्या, "शेट, त्यांना सांगा, सूर्व कुनाचा पगारी नाय." निखिल ते इंग्रजीत मऊ करून लिहायचा.

गिरणीच्या गच्चीवर त्यांनी केरसुणीचा दांडा विटांत रोवून उभा केला होता. दर तासाला वर जाऊन त्याची सावली खडूनं आखायच्या. पावसात खडू धुऊन गेला की पुन्हा आखायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, हे सगळं कॉम्प्युटरला माहीत असतं. तारीख आणि ठिकाण टाकलं की झालं." त्या म्हणाल्या, "त्याला म्हाईत असंल. मला कुठं हाय?" गिरण चालू असली की दांडा हलायचा आणि सावलीही थरथरायची. तेवढा वेळ त्या हात वर धरून थांबायच्या.

एकदा सातासमुद्रापार, पार उत्तरेकडच्या एका मैदानाचं काम आलं. तिथला हिवाळा करायचा होता. मला वाटलं, इथं ताईंची गाडी अडणार. त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं दुपारी बारा वाजता मानसाची सावली केवडी पडते?" निखिलनं हिशेब करून सांगितलं की माणसाच्या तिप्पट-चौपट. ताईंनी हातानं जमिनीवर तेवढी लांबी मापून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हंजे तिकडं दिसभर आपलं चारच्या म्होरलंच ऊन. बिचारी मानसं." त्यांनी लावलेल्या उजेडावर ग्राहक इतका खूश झाला की त्यानं विचारलं, तुमचा माणूस इकडे किती वर्षं राहून गेला?

चार. त्यांचं सगळं माप चारचं होतं. चारच्या आधीचं ऊन, चारच्या नंतरचं ऊन. मला वाटायचं, मैदानावरच्या कामाची सुट्टी चारला होत असेल म्हणून.

आणखी एक खोड होती. ताई सावलीत बसायच्या नाहीत. दुपारी आम्ही डबे घेऊन गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसायचो आणि त्या तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन उन्हात. वैशाखातसुद्धा. "ताई, पापड व्हाल," म्हणून आम्ही चिडवायचो. "भाजू दे," म्हणायच्या. रिक्षास्टँडवर पत्र्याची शेड आहे, तिथंही त्या शेडबाहेर उभ्या असायच्या. पहिल्या वर्षी मी हे थट्टेवारी नेलं. दुसऱ्या वर्षी एकदा पाहिलं, बाजारात दुकानाच्या ताडपत्रीची सावली रस्त्यावर पडली होती, तर ताई तिच्या कडेशी थांबल्या आणि वळसा घालून उन्हातून गेल्या. शेण चुकवावं तशा. त्या दिवसानंतर मी चिडवलं नाही.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. मैदान तयार झालं की सगळ्या सावल्या कॉम्प्युटरला एकदाच मोजायला लावतात. त्याला दहा-बारा तास लागतात. मोजून झाल्या की त्या जमिनीत पक्क्या बसतात. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तो पाव भाजायचा, म्हणून ताई त्याला सावली भाजणं म्हणायच्या आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. "भाजली का गं सावली?" "टाकलीय ताई, सकाळी निघेल." यात नवशिक्या पोरांची एक चूक ठरलेली. सावली भाजून झाल्यावर एखादं झाड काढून टाकायचं आणि पुन्हा भाजायला विसरायचं. झाड जातं, सावली राहते. मोकळ्या जमिनीवर नुसतीच एक सावली पडलेली दिसते. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकानं ही चूक एकदा केली आहे. ताईंनी कधीच केली नव्हती.

तिसऱ्या वर्षी खालापूरच्या त्याच मैदानाचं काम आमच्याकडे आलं. ज्यांना पावसात खेळता येत नाही त्यांच्यासाठी क्लबाला त्याच मैदानाचं चित्र आपल्या हॉलमध्ये हवं होतं. आमच्यासाठी हे आजवरचं सगळ्यांत मोठं काम. निखिल पेढे घेऊन आला. ताईंनी पेढा हातात घेतला आणि तो दिवसभर त्यांच्या टेबलावर कागदावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी डबा घेऊन त्यांच्याजवळ उन्हात जाऊन बसले. का ते आठवत नाही. डोक्याला चटका बसत होता. ताईंनी माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"ते सातव्या नंबराचं मैदान हाय ना, ते आमचं घर."

मैदान व्हायच्या आधी तिथं त्यांची वाडी होती. नवरा लवकर गेल्यामुळे ताई माहेरी राहत, धाकटा भाऊ दत्तू आणि त्या. दाराच्या पश्चिमेला एक जुळा आंबा होता, एका बुंध्यातून दोन खोडं निघालेला. दुपार कलली की त्याची सावली सरकत सरकत यायची आणि चारला ओट्याला लागायची. सावली ओट्याला लागली की चहा, असं त्यांच्या आईचं घड्याळ. मग आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकल्या. दत्तूनंही विकायचं ठरवलं. ताईंना नको होतं.

"आता वाटतं, त्यो तरी काय करनार? चारी बाजूंनी सगळी गेलेली. आमी एकटी तिथं काय खात बसलो असतो? पन तवा नाय कळलं गं."

चारच्या सुमारास आंब्याखाली भांडण झालं. भांडता भांडता ताईंनी भावाला शपथ घातली, "या आंब्याच्या सावलीत परत पाऊल टाकशील तर माजं मेलं तोंड बघशील."

दत्तूनं वर पाहिलं नाही. चपला घातल्या आणि उन्हात गेला. तिकडून गुजरातेत. पुन्हा आला नाही. आंब्याचा पाला हिरवळीवर पडतो म्हणून पुढे आंबाही तोडला. ताई त्याच जागेवर मजुरीला लागल्या आणि पंधरा वर्षं आपल्या ओट्यावरचं तण काढत राहिल्या.

"मग तुम्ही कधी बोलावलं नाहीत त्याला?"

"कुठं बोलावू? पत्ता नव्हता. दोन वर्साखाली निरोप आला, त्यो गेला. तेरावं होऊन गेल्यावर आला निरोप." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "तवापासनं सपनात येतो. डोक्यावर टावेल, अनवानी. उन्हात उभा ऱ्हातो. मी म्हनते, ये रं आत. त्यो म्हनतो, कुठं येऊ, आक्का? सावली कुठं हाय?"

खालून गिरणीचा आवाज येत होता. मी म्हटलं, "ताई, शपथ सुटली म्हणून टाका ना. आम्ही लहानपणी म्हणायचो."

"म्हनलं की. चार येळा जाऊन म्हनलं, त्याच जागेवर बसून. आमची आई सांगायची, ज्यानं शपथ घातली त्यानंच सोडवायची, जिथं घातली तिथंच. आदी तीन येळा सुटली म्हनायचं, मग त्या मानसाला नावानं आत बोलवायचं, मग पानी द्यायचं. सगळं केलं. पन सपान हाय तसंच. शपथ जागेची नव्हती गं, पोरी. सावलीची होती. आनि सावली तर तोडली."

त्या सावलीत का बसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. भावाला जी नाकारली ती त्यांनी स्वतःलाही ठेवली नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. हाताला सुकट लागली होती, आणि मी तशी संकोचीच.

काम सुरू झालं. क्लबानं सगळ्या मैदानाची मोजणी पाठवली होती, झाडांची यादी नंबरासकट. कुठली वेळ दाखवायची ते मात्र आमच्यावर सोडलं होतं. निखिल म्हणाला, "ताई, तुम्ही ठरवा." ताईंनी चार ठरवले. एक दिवस त्यांनी आंब्याची डहाळी आणली आणि मला म्हणाल्या, "असल्या पानांचं एक झाड करून दे. आपल्या झाडांत आंबाच नाय." खरंच नव्हता. आमच्याकडची तयार झाडं सगळी परदेशातली, ओक आणि पाईन. मी दोन दिवस बसून आंबा केला. त्यांनी तो जुळा करायला सांगितला, आणि पूर्वेकडची एक फांदी खाली वाकवून घेतली, आणखी थोडी, आणखी थोडी. "हितं पाळना असायचा." मला वाटलं, जाता जाता बाईंनी एकदा डोळे भरून आपलं झाड पाहावं, एवढंच. मी पुढचा विचार केला नाही.

सावल्या भाजून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाची माणसं बघायला येणार होती. आदल्या दिवशी दुपारी शेवटची तपासणी माझ्याकडे होती. मी यादी घेऊन एकेक मैदान बघत गेले. सातव्यावर आले तर झाडांची संख्या बरोबर. तळं बरोबर. आणि मधोमध मोकळ्या हिरवळीवर एक सावली. दोन खोडांची, एक फांदी वाकलेली. झाड नाही.

मी खुर्ची फिरवली. ताई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"ताई, हे काय आहे?"

"यादीत झाडं मोजतात," त्या म्हणाल्या. "सावल्या कोन मोजत नाय."

मी चिडले. खूप चिडले. सगळ्यांसमोर आवाज चढवला. उद्या माणसं येतायत, सात जणांची पोटं या कामावर आहेत, ऑफिस म्हणजे काय देऊळ आहे का तुमच्या गावचं, असलं काहीबाही बोलले. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. ताई ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "रातीत परत भाजून निघंल का?"

"निघेल. आत्ता टाकलं तर सकाळपर्यंत निघेल."

"मग टाक. पन मला आदी आर्धा तास दे. वाजलेत किती?"

चारला दहा मिनिटं कमी होती.

मागच्या खोलीत आमचा चाचणीचा पडदा होता, पुढे हिरवी चटई. मी सातवं मैदान पडद्यावर लावलं. रोज बघून बघून मेलेलं ते चित्र भिंतभर पसरल्यावर वेगळंच दिसलं. लांबवर डोंगर, पिवळं तिरकं ऊन, आणि ती सावली सरळ आमच्या पायांकडे आलेली, पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत, जणू पुढे चटईवर उतरणार. ताईंनी चपला काढल्या. दारात नाही. चटईच्या अर्ध्यावर, जिथं त्यांच्या हिशेबानं ओटा सुरू होत होता तिथं. कमरेला खोचलेली पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसल्या. तीन वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी दारात उभी होते. खरं तर निघून जायला हवं होतं.

"दत्तू," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, पोराला जेवायला हाक मारावी तशा. "दत्तू, ये रं. ये आत. चहाची येळ झाली. ये."

मग थांबल्या. गिरण बंद होती. मग त्या म्हणाल्या, "सुटली. सुटली. सुटली." बाटलीचं झाकण उघडून त्यांनी चटईवर थोडं पाणी सोडलं.

आमचा प्रोजेक्टर छताला मागच्या बाजूला आहे. त्याच्या वाटेत कुणी आलं की त्याची सावली पडद्यावर पडते. ताईंची पडली होती, बसलेली, आंब्याच्या सावलीच्या आत. तिच्या बाजूला आणखी एक होती. ती माझी असणार. मी दारात होते, प्रोजेक्टरच्या झोताच्या थोडी बाहेर, पण इतकी काही बाहेर नव्हते. दोन पावलं मागे सरले असते तर कळलं असतं. मी सरले नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

थोड्या वेळानं ताई उठल्या, चटई पदरानं पुसली, चपला घातल्या. "आता भाज परत," म्हणाल्या.

मी भाजायला टाकलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि राहवलं नाही. जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, "ताई, तुम्ही उलटं केलंत. आधी सुटली म्हणायचं होतं ना? मग बोलवायचं. तुम्ही शपथ असतानाच त्याला आत घेतलंत."

"व्हय."

"चुकून?"

त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात लावला. "येवडी वर्सं उन्हात होता गं. पोचल्यावर आनि दारात उभा ठेवू? आदी आत घेतला, मग सोडवला."

"पण शपथेत तर... मेलं तोंड..."

"बघू दे की," ताई म्हणाल्या. "मेलं तर मेलं. तोंड तरी बघंल माजं."

सकाळी सातवं मैदान स्वच्छ निघालं. क्लबाच्या माणसांनी माना डोलावल्या, उजेडाचं फार कौतुक केलं. ताई त्या दिवशी आल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणून फोन केला. मग आल्याच नाहीत. निखिल दोनदा जाऊन आला, त्याला चहा मिळाला आणि "बघू" असं उत्तर मिळालं. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. आजार असा नव्हता. दुपारी, वाडी गेल्यावर घेतलेल्या घराच्या दारात बसल्या होत्या, शेजारीण हाक मारायला आली तर गेलेल्या. किती वाजले होते ते मी विचारलं नाही. शेजारीण आपणहून सांगायला लागली तर मी पाणी मागितलं.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. साठीची बाई, आयुष्यभर उन्हात राबलेली, हृदय थकलं असेल. हे मी स्वतःला नीट समजावलं आहे. पण पहिल्यांदा भाजलेली ती फाइल मी पुसलेली नाही. आणि तेव्हापासून मी चित्रात जादा दिवा लावत नाही, कितीही चमक कमी पडली तरी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, जिन्यातल्या बोलण्यानंतर. त्या खाली उतरल्या आणि मी खिडकीत गेले. माफी मागायची राहिली होती, वाटलं, वरून हाक मारावी. पाच वाजत आले होते, रिक्षास्टँडवर ऊन तिरकं पडलं होतं. खालापूरची रिक्षा भरायची होती. ताई शेडपाशी पोचल्या आणि रोजच्यासारख्या बाहेर थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या, पत्र्याखालच्या बाकावर बसल्या. बाक तसा लहान, दोघांपुरता. एक बाई पिशव्या घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसायला लागली, तेव्हा ताईंनी हात आडवा केला आणि तिला काहीतरी सांगितलं. ती बाई पलीकडे जाऊन उन्हात उभी राहिली. ताई आणखी थोड्या कडेला सरकल्या. पदर सावरला, आणि रिक्षा सुटेपर्यंत त्या तशाच अर्ध्या बाकावर बसून होत्या.